पहिली फेरी किती जोरात काढावी? १६०० मीटरपासून २०० किलोमीटरपर्यंत

मैदानावरचा_मास्तर (अंबाजोगाई)

मंडळी, नमस्कार.

आमच्या मैदानावर पहाटे पाचपासून भरतीची पोरंपोरी येतात. बहुतेक शेतकऱ्यांची, काही ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे, सकाळचा सराव माझ्याकडं असतो. रोज एकच गोष्ट बघतो आणि जीव तुटतो, म्हणून हा धागा.

आताच्या नियमात पोलीस शिपाई भरतीला पुरुषांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं तर २० पैकी २० गुण. म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्यांना ३१० सेकंद, फेरीला साडेसत्त्याहत्तर. शिट्टी वाजली की पोरं सुटतात ती पहिली फेरी ६७ सेकंदांत. दुसरी ७६. तिसऱ्या फेरीत खांदे कानाला लागतात, मुठी आवळतात, मान एका बाजूला कलते, फेरी जाते ८८ वर. चौथीत घरच्यांची नावं घेत कसंबसं ८४. बेरीज ३१५. पाच सेकंदांनी दोन गुण गेले. दोन गुणांनी यादीत किती नावं वर-खाली होतात ते भरतीवाल्या घरात विचारा.

तोच पोरगा चारही फेऱ्या ७७ नं पळाला तर ३०८ होतात. ताकद तीच, पाय तेच.

माझं मत असं आहे की पहिली फेरी मुद्दाम राखून पळायला शिकवावं, आणि त्यासाठी सरावात घड्याळ काढून ठेवावं. श्वासावर, पायांच्या आवाजावर अंदाज बसला पाहिजे. माझ्या जोडीच्या शिक्षकांचं म्हणणं उलट आहे: घड्याळाशिवाय पोरांना काही कळत नाही.

इथं पळणारे आहेत, सायकलवाले आहेत, डॉक्टर आहेत. तुम्ही पहिला टप्पा कसा ठरवता? घड्याळ बघून की अंगाच्या अंदाजानं?

नुसता_वाचक

वाचनखूण साठवली. चांगला विषय काढलात सर.

खाकीतला_लातूरकर

सर, तुमचं गणित सोळा आणे बरोबर, पण भरतीचं मैदान वेगळं असतंय. मी त्यातनं गेलेला माणूस आहे म्हणून सांगतो. एका बॅचला भरपूर पोरं एकदम सोडतात. पहिल्या वळणाआधी आत घुसला नाहीत तर बाहेरून पळावं लागतंय, नाहीतर समोरच्याच्या टाचेवर पाय पडतोय. राखून पळा म्हणून शिकवलेलं पोरगं मागं अडकतंय आणि मग त्याला सगळ्यांना वळसा घालावा लागतोय. पोरं येडी म्हणून पळलालेत असं नाही, भीतीनं पळलालेत.

ट्रॅकवेडा

लातूरकरांच्या मुद्द्याला आकडा जोडतो. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकवर एक लेन १.२२ मीटर रुंद असते. दुसऱ्या लेनमधून पूर्ण फेरी मारली की साधारण ७ मीटर जास्त पळणं होतं. चार फेऱ्यांचे २८ मीटर. ५:१० च्या वेगानं ते अंतर कापायला पाच सेकंदांच्या वर लागतात, म्हणजे मास्तरांनी वर लिहिलेले दोन गुण इथंही जाऊ शकतात. त्यामुळे आतली कड पकडायची घाई चुकीची नाही.

पण त्या घाईला ५०-६० मीटर पुरतात. चारशे मीटर जोरात पळायची गरज नाही. पहिलं वळण सुटलं आणि समोरची सरळ रेषा लागली की तिथंच श्वास खाली आणायचा. आणि ज्याला वेग कमी करून परत स्थिर व्हायचं असतं त्याला तो स्थिर वेग आधी पायात बसलेला लागतो. मास्तर, तुमचा सराव इथं कामाला येतो.

मैलाच्या शर्यतीचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर मैल ४ मिनिटांच्या आत पळणारा पहिला माणूस ठरला, ३:५९.४. पुढं वेग धरायला ख्रिस ब्रॅशर होता. पहिल्या फेरीत बॅनिस्टरला वाटत होतं की आपण फारच हळू चाललोय, आणि तो मागून ब्रॅशरला ओरडला, 'अजून जोरात!' ब्रॅशरनं ऐकलं नाही, आपला वेग धरून राहिला. फेरी संपली तेव्हा वेळ होती ५७.५ सेकंद. हळू कसली, हव्या त्या वेगापेक्षा जलदच होती! रोजचा सराव असलेल्या, पुढं डॉक्टर झालेल्या माणसाला जर ताज्या पायांचा अंदाज येत नसेल तर आपल्या पोरांना कसा येणार? पहिल्या फेरीत अंग जे सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी त्यावरून घेतलं.

मैलाच्या बहुतेक विश्वविक्रमांत दुसरी किंवा तिसरी फेरी सगळ्यांत संथ असते. शेवटच्या फेरीत वेग परत वाढतो, म्हणजे तोवर काहीतरी शिल्लक असतं.

सायकलस्वार_जालना

ट्रॅकवेडा, प्रतिसाद आवडला. पण तुमच्याच उदाहरणानं मास्तरांचं 'घड्याळ काढून ठेवा' खोटं पडतंय की. अंग फसवतं म्हणता, मग घड्याळ नको कसं?

मैदानावरचा_मास्तर (अंबाजोगाई)

मुद्दा रास्त आहे. यावर विचार करून लिहितो.

लातूरकर भाऊ, 'भीतीनं पळलालेत' हे वाक्य मनाला लागलं. मी त्याकडं हूडपणा म्हणून बघत होतो.

ध्येय_खाकी (धाराशिव)

मी पण तयारी करतेय. आम्हा मुलींना ८०० मीटर असतं, २ मिनिटं ५० सेकंदांना पूर्ण गुण. आमचे सर पण सांगतात पहिली फेरी राखून पळ, पण मी तसं पळते तेव्हा दुसऱ्या फेरीत वेग वाढतच नाही, उलट वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. ८०० ला पण हाच नियम लागतो का?

ट्रॅकवेडा

ताई, तुमची शंका बरोबर आहे आणि नियम बदलतो. ८०० मीटरचे मोठे विक्रम बघितले तर पहिली फेरीच जलद असते. डेव्हिड रुडिशा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १:४०.९१ पळाला. पहिली फेरी ४९.२८, दुसरी ५१ च्या वर. पुढं पळून वेग धरून देणारा पेसर कोणी नव्हता, पहिल्यापासून तोच पुढं.

कारण असं की शर्यत जितकी छोटी, तितका ऑक्सिजनशिवायच्या ऊर्जेचा वाटा मोठा. ती ऊर्जा कधी ना कधी खर्चायचीच असते, आणि उभ्या जागेवरून वेग पकडण्यातही वेळ जातो. शर्यत लांबत गेली की तोच उधळेपणा महागात पडतो. तुमच्यासाठी ढोबळ हिशेब: पहिली फेरी ८३, दुसरी ८७. दोघींत चार-पाच सेकंदांचा फरक चालतो, बारा-पंधराचा नाही.

ध्येय_खाकी (धाराशिव)

थँक्यू दादा. उद्याच ८३ नं पळून बघते.

आष्टीकर

विषय शर्यतीचा, धागा मराठवाड्याचा, आणि अजून आमच्या तालुक्याचं नाव कोणी घेतलं नाही? अविनाश साबळे, मु. पो. मांडवा, ता. आष्टी, जि. बीड!

नुसता_वाचक

आलेच आष्टीकर 😀 मी वाटच बघत होतो.

आष्टीकर

येणारच. अभिमान आहे तो.

पण नुसता अभिमान नाही, या धाग्याशी संबंध आहे. २०२२ चं उदाहरण घ्या. जुलैमध्ये अमेरिकेत युजीन इथं जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. ३००० मीटर स्टीपलचेस, २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. सगळा घोळका अगदी संथ निघाला, कोणीच पुढं व्हायला तयार नाही. अविनाश अकरावा आला, ८:३१.७५. लोक म्हणाले, संपला. आणि तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तोच माणूस ८:११.२० पळाला! रौप्य. सुवर्णवाल्या केनियाच्या किबिवोटची वेळ ८:११.१५. सेकंदाच्या शंभरातले पाच भाग. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता, ती साखळी आमच्या मांडव्याच्या पोरानं तोडली.

वीस सेकंदांचा फरक तीन आठवड्यांत दमात पडत नसतो. शर्यत कोणत्या चालीची झाली त्यानं पडला. संथ शर्यतीत ज्याचा शेवटचा झपाटा मोठा तो जिंकतो. अविनाशला पहिल्यापासून कस लागणारी शर्यत मानवते. पुढं २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं कोणाची वाट बघितली नाही, पुढं निघाला आणि ८:१९.५० मध्ये सुवर्ण घेतलं.

तेव्हा मास्तर, पोरांना हे सांगा की तिथं शर्यत माणसांशी असते, भरतीत घड्याळाशी. शेजारचा पुढं गेला म्हणून तुमचा एक गुणही कमी होत नाही. आमच्याकडं पोरं एकमेकांना हरवायला पळायलेत आणि ३१० सेकंद विसरायलेत.

खाकीतला_लातूरकर

आष्टीकर, एकदम पटलं. 'शेजाऱ्याचा गुण शेजाऱ्याला' हे मैदानावर फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे. (गुणवत्ता यादी लागली की मात्र शेजारी परत आठवतोच.)

सायकलस्वार_जालना

आता आमच्या लांब पल्ल्याकडं वळू. ब्रेवे म्हणजे बीआरएम, ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची सायकल राइड, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत पोचायचं आणि वाटेतल्या कंट्रोलवर (नोंदीच्या ठिकाणी) कार्डावर नोंद करून घ्यायची. २०० चा हिशेब केला तर ताशी पंधरासुद्धा पडत नाही. नवीन लोकांना वाटतं, एवढंच? आणि तेच पहिले पन्नास किलोमीटर ताशी तीसनं हाणतात.

आमच्याकडची खरी परीक्षा वारा घेतो. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटलेला असतो. संभाजीनगरहून जालन्याकडं निघालात की तो पाठीत असतो. रस्ता सपाट, सायकल आपोआप पळते, माणसाला वाटतं आज आपल्या अंगात काहीतरी वेगळंच आलंय. जालन्यात चहा पिऊन परत फिरलं की तोच वारा छातीवर. बदनापूरच्या अलीकडंच तोंडं उतरलेली दिसतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनानं, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात जुना वेग टिकवायचा हट्ट केला तर दोन तासांत मांड्या रिकाम्या होतात.

म्हणून सायकलवर समान वेग ही कल्पनाच चुकीची. वेग वर-खाली होऊ द्यायचा, जोर साधारण सारखा ठेवायचा. त्यातही चढाला आणि समोरच्या वाऱ्याला किंचित जास्त, उताराला आणि पाठीच्या वाऱ्याला किंचित कमी, कारण जिथं वेळ जास्त जातो तिथं लावलेला जोर जास्त कामाला येतो. 'किंचित' दोनदा वाचा.

आणि एक: थांबण्याचा वेळ. ढाब्यावर वीस मिनिटं म्हणून बसलेली मंडळी पाऊण तासानं उठतात. तो वेळ भरून काढायला ताशी किती वाढवावा लागेल याचा हिशेब कोणी करत नाही. दोनशेच्या राइडमध्ये चाल बिघडते ती बऱ्याचदा सायकलवरून उतरल्यावर.

म्हैसमाळ_ते_वेरूळ

सायकलस्वार, समान वेग नको, समान जोर हवा, याला जोरदार अनुमोदन. पळण्यातही चढावर हेच.

दौलताबादचा घाट ज्यांनी पळून काढलाय त्यांना ठाऊक आहे. किल्ल्यापर्यंत रस्ता सोपा, मग वळणं सुरू होतात, आणि त्या जुन्या दरवाज्याच्या कमानीतून रस्ता वर जातो तिथं मागून बसनं हॉर्न दिला की माणूस उगाच वेग वाढवतो. घड्याळावर सपाटीचा पेस (पळण्याचा वेग) धरून चढणारा खुलताबाद येईपर्यंत चालायला लागतो. पावलं लहान करायची, नजर चार पावलं पुढं, आणि तोंडातून एक पूर्ण वाक्य निघतंय का ते बघायचं. दोन शब्दांवर श्वास तुटायला लागला की जोर जास्त झाला. लांब पळण्यासाठी मला यापेक्षा भरवशाचं साधन सापडलेलं नाही.

माझं मत मास्तरांच्या बाजूनं. घड्याळ चढ ओळखत नाही, ऊन ओळखत नाही, रात्रीची अपुरी झोप ओळखत नाही. शिवाय वळणाच्या ट्रॅकवर जीपीएस अंतर चुकवतं, चारशेची फेरी कधी ४१०, कधी ४१५ दाखवतं. पोरगं समजतं आपला पेस भारी आहे.

परभणीची_डॉक्टर

उन्हाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात हा खेळाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

पळताना किंवा सायकल मारताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातला साधारण चौथा-पाचवा हिस्साच हालचालीत जातो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडं वळवावं लागतं. स्नायूंनाही रक्त हवं, त्वचेलाही हवं, आणि घामामुळं रक्तातलं पाणी कमी होत जातं. मग हृदय ठोके वाढवतं. तुम्ही त्याच वेगानं पळत असता, पण तासाभरात ठोके दहा-पंधरानं वर गेलेले असतात. म्हणजे मार्चमध्ये सकाळी नऊला डिसेंबरचा पेस धरणं हा प्रत्यक्षात जास्त जोराचा व्यायाम असतो, घड्याळ काही म्हणो.

मराठवाड्यातली गोम अशी की आपलं ऊन कोरडं. घाम आल्या आल्या वाळतो, कपडे ओले होत नाहीत, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही. पळून आल्यावर काळ्या टी-शर्टच्या पाठीवर आणि टोपीच्या काठावर मिठाच्या पांढऱ्या रेघा बघा, किती गेलं ते कळेल. नुसतं साधं पाणी घटाघट पीत राहणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. दुकानात मिळणारं ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिल्याप्रमाणे मोजून एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट नको.

उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. भरतीत नंबर कधी लागेल सांगता येत नाही, पहाटेपासून बसून ऊन चढल्यावर पळायची वेळ येते. त्यामुळे तारीख उन्हाळ्यात असेल तर त्याआधीचे दोन आठवडे थोडा सराव उशिरा, बेतानं आणि कोणीतरी सोबत असताना करावा. आणि पळणारा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर 'थोडंच राहिलंय' म्हणून त्याला हुरूप देऊ नका. थांबवा, सावलीत घ्या, भरपूर पाणी ओतून वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

ध्येय_खाकी, तुझ्यासाठी वेगळं. दुसऱ्या फेरीत वेग वाढत नाही म्हणालीस. आठशेत ते स्वाभाविक आहे, पण पायऱ्या चढताना धाप लागते का, सारखा थकवा असतो का? असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. बारा ग्रॅमच्या खाली असेल तर कोणताही पेस टिकणार नाही आणि दोष जिद्दीला दिला जाईल. माझ्याकडं अशा मुली येतात. 'मेहनत कमी पडतेय' असं ऐकून ऐकून खचलेल्या असतात, आणि रिपोर्ट बघितला की नऊ.

ध्येय_खाकी (धाराशिव)

मॅडम, पायऱ्यांचं बरोबर ओळखलंत. सोमवारी तपासते. आमच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकू का?

परभणीची_डॉक्टर

जरूर टाक. आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगाचं तापमान किंचित वाढलेलं असतं, त्या वेळी तोच पेस थोडा जड वाटला तर घाबरू नका.

गोदाकाठची (गंगाखेड)

मी पळत नाही, सायकलही चालवत नाही. पण लिहावंसं वाटलं.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते ती परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत आमच्या भागातून पुढं सरकते. महिनाभर चालणं. माझी सासू त्यात चालते. साठी उलटून गेली, गुडघा दुखतो. बरोबर आमच्या गल्लीतला कॉलेजचा एक मुलगा निघाला होता. तो दिंडी सोडून पुढं जायचा, झाडाखाली पडायचा, परत पुढं जायचा. दुपारपर्यंत त्याच्या पायाला फोड. सासूबाई ओळीतच राहिल्या.

मी त्यांना विचारलं, तुम्ही कशा काय टिकता? त्या म्हणाल्या, 'मी कुटं चालते, दिंडी चालती.' मला आधी ती नुसती भक्ती वाटली. नंतर एक टप्पा मीही चालले तेव्हा लक्षात आलं की टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल पडतं, पाऊल आपोआप आखूड होतं आणि पुढं पळायची मुभाच नसते. विसावा ठरलेला. पाणी ठरलेलं. दमले म्हणून थांबायचं नाही, विसावा आला म्हणून थांबायचं. इथं सगळे जे सांगतायत, दमायच्या आधी विश्रांती आणि सुरुवातीला लगाम, ते त्या ओळीत कोणी न शिकवता होतं.

म्हैसमाळ_ते_वेरूळ

ताई, दंडवत सासूबाईंना. या धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद.

सायकलस्वार_जालना

+१. 'विसावा आला म्हणून थांबायचं' हे मी पुढच्या ब्रेवेला नवीन लोकांना सांगणार. दमल्यावर थांबणारा लांब थांबतो.

अवांतर: कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचं उलटं दिसतं. रात्री घोळक्यानं उत्साहात निघतात आणि पहाटे रस्त्याकडेला टॉवेल टाकून झोपलेली निम्मी मंडळी तरणी असतात.

ट्रॅकवेडा

घड्याळाची बाजू लंगडी पडतेय म्हणून परत येतो. केनियाच्या दोन धावपटूंचे मॅरेथॉनचे आकडे देतो. किपचोगे, बर्लिन २०२२: पहिला अर्धा ५९:५१, दुसरा ६१:१८, एकूण २:०१:०९. किप्टम, शिकागो २०२३: पहिला अर्धा ६०:४८, दुसरा ५९:४७, एकूण २:००:३५. दोन्ही त्या वेळचे विश्वविक्रम. पहिल्यात सुरुवात जलद, दुसऱ्यात शेवट. पण दोघांचाही फरक दीड मिनिटाच्या आत, एकशेवीस-एकवीस मिनिटांत! हौशी मॅरेथॉनवाल्यांत हा फरक वीस-वीस मिनिटांचा बघितलाय.

शरीरात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजन ही घरातली कणगी समजा, साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास. सुरुवातीला वेग जास्त ठेवला तर चरबीऐवजी तीच जास्त उपसली जाते, आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढं तळ दिसतो. वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जायला हवी. केळी, खजूर, चिक्की, जे सरावात पचलंय ते.

मुद्दा असा की एवढा बारीक समतोल नुसत्या अंदाजानं साधत नाही. आधी घड्याळावर हजारदा तपासलेला अंदाज असतो तो.

म्हैसमाळ_ते_वेरूळ

ते दोघं बिनउन्हाच्या, सपाट, पेसर असलेल्या रस्त्यावर पळाले. आपल्याकडं तसा रस्ता आणून द्या, मी घड्याळ बांधतो.

ट्रॅकवेडा

मान्य. पण १६०० मीटरच्या ट्रॅकवरही चढ नाही, आणि पाच मिनिटांत ऊनही तेवढं हिशेबात येत नाही. मास्तरांचा प्रश्न तिथला आहे. मूळ धाग्यावर या.

मैदानावरचा_मास्तर (अंबाजोगाई)

मूळ धाग्यावर मीच येतो. मधल्या दिवसांत सराव थोडा बदलला, त्याबद्दल सांगतो.

ट्रॅकवर दर शंभर मीटरला चुन्याच्या फक्कीची आडवी रेघ ओढली. ३१० चा वेग म्हणजे शंभर मीटरला १९.४ सेकंद. मी मध्ये उभा राहून बरोबर त्या त्या वेळेला शिट्टी मारायची, आणि शिट्टीला पाय रेघेवर पाहिजे. पुढं असला तरी चूक, मागं असला तरी चूक. पहिल्या दिवशी पहिल्या शिट्टीला सगळे रेघेच्या पुढं दहा-बारा मीटर. एकजण म्हणाला, 'सर, एवढं हळू पळायलं तर झोप यायली.' तिसऱ्या फेरीला त्याला झोप येत नव्हती.

नंतर शिट्टी बंद. पोरांनी एक फेरी पळायची, आणि थांबल्यावर मी घड्याळ दाखवायच्या आधी स्वतःची वेळ सांगायची. सुरुवातीला ६८ पळून ७८ सांगत होते. आता बरेचजण दोन सेकंदांच्या आत सांगतात. तीन पोरं तर एका सेकंदाच्या.

म्हणून माझं मत आता थोडं वेगळं मांडतो. घड्याळ माझ्या हातात असावं, पोराच्या मनगटावर नसावं. त्यानं आधी अंदाज सांगावा, मग मी आकडा दाखवावा. सायकलस्वार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. आणि ८०० वाल्या मुलींची शिट्टी वेगळी केली, ट्रॅकवेडा यांच्या ८३-८७ प्रमाणे.

लातूरकर भाऊ, तुमच्यासाठी एक केलंय. आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकाच वेळी सोडतो, धक्काबुक्कीसकट. पहिले ५० मीटर जागा घ्यायची आणि दुसऱ्या रेघेला शिट्टीवर यायचं. हे अजून जमत नाही. जागा मिळाली की पोरं तशीच पुढं पळत राहतात. यावर काही उपाय?

खाकीतला_लातूरकर

आहे सर. दुसऱ्या रेघेवर पोहोचलं की खांदे एकदा खाली सोडायचे आणि जोरात पूर्ण श्वास बाहेर टाकायचा. आमचे उस्ताद तेवढंच शिकवायचे. श्वास बाहेर टाकताना पाय आपोआप ढिले पडतेत. पंधरा दिवस रोज करून घ्या, आणि त्या रेघेला दुप्पट फक्की टाका म्हणजे घोळक्यात पण दिसतीय.

ध्येय_खाकी (धाराशिव)

रिपोर्ट आला, ९.८. गोळ्या सुरू झाल्या. मॅडम, गोळी घेऊन लगेच सरावाला गेलं तर चालतं का? सकाळी चहा पण असतो.

परभणीची_डॉक्टर

चहाबरोबर नको, चहानं लोह अंगाला लागत नाही. गोळी आणि चहा यांत दोनेक तासांचं अंतर ठेव, लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर उत्तम. मळमळ होत असेल तर सरावानंतर, नाश्ता झाल्यावर घे. महिन्यानं परत तपास आणि इथं आकडा कळव. तोपर्यंत ८३ चा हट्ट नको, ८८-९० नं दोन फेऱ्या सारख्या काढ.

मैदानावरचा_मास्तर (अंबाजोगाई)

डॉक्टर मॅडम, आमच्या मैदानावरच्या मुलींची तपासणी एकदम करून घ्यायची तर कोणाला भेटावं? तालुक्याच्या दवाखान्यात मी स्वतः घेऊन जातो. पालकांशी बोलणं झालंय.

परभणीची_डॉक्टर

सरकारी रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. आधी एक दिवस सांगून जा, सकाळची वेळ घ्या. आणि मुलांचीही करा, त्यांच्यातही निघतं.

आष्टीकर

मास्तर, आमच्या आष्टीलाही ही फक्की आणि शिट्टी सुरू करतो. १९.४ चा पूर्ण तक्ता टाका ना, १६ रेघांचा. मैदानावर चिकटवतो.